पंखांचा घोडा

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित पाठ)



गेल्या वर्षी पावसाळ्याच्या तोंडावर माझ्या धाकट्या बहिणीचा फोन आला. म्हणाली, "भाई, एक विचारायचं होतं. रागावू नका." अशी सुरुवात झाली की मामला पोराबाळांचा असतो, हे आता अनुभवानं कळतं.

तिचा मुलगा पुण्यात इंजिनिअरिंगला आहे. ती त्याला भेटायला गेली होती. रविवारची दुपार. खोलीत पाच-सहा मुलं जमिनीवर गोल करून बसलेली, मधे कागद, पेन्सिली आणि रंगीबेरंगी फासे. घरी जो दोन वाक्यांच्या वर बोलत नाही, तो तिचा मुलगा हात उंचावून सांगत होता, "मी माझं पवित्र चिन्ह पुढे धरतो आणि त्या मुडद्यांना मागे हटवतो." बाकीची मुलं श्वास रोखून बघत होती. त्यानं फासा टाकला आणि सगळ्यांनी एकच आरडाओरडा केला.

बहीण बिचारी घाबरली. गावी परतल्यावर तिनं ही गोष्ट बायकांच्या दर्समध्ये सांगितली. तिथं कोणीतरी म्हणालं की ही जादूटोण्याची तालीम आहे, हा शिर्क आहे, अमेरिकेत या खेळानं पोरांनी जीव दिलेत. "भाई, तुम्ही कविता करता, चार पुस्तकं वाचता. तुम्हीच सांगा. हे हराम आहे का? बंद करायला सांगू का त्याला?"

मी मौलवी नाही. बी. ए. झालेला, कविता लिहिणारा साधा माणूस आहे. त्या खेळाचं नावही मी तेव्हा धड ऐकलेलं नव्हतं. मी म्हटलं, "मला पंधरा दिवस दे. तोवर त्याला काही बोलू नकोस." त्या पंधरा दिवसांत मी जे वाचलं आणि नंतर जे पाहिलं, ते आज आपल्याला सांगणार आहे.

आधी खेळाबद्दल. १९७४ साली अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यात, लेक जिनिव्हा नावाच्या लहानशा गावातून एक पेटी विक्रीला निघाली. पेटीत तीन पातळ पुस्तिका होत्या. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन हे तिचे जनक. खेळाचं नाव 'डंजन्स अँड ड्रॅगन्स', म्हणजे तळघरं आणि अग्निसर्प. या खेळात कोणी जिंकत नाही आणि कोणी हरत नाही. एक जण सूत्रधार होतो. तो सांगतो, तुम्ही एका पडक्या किल्ल्यापाशी आला आहात, दार अर्धवट उघडं आहे, आतून कण्हण्याचा आवाज येतोय, आता काय कराल? बाकीचे एकेक पात्र घेऊन बसलेले असतात. ते आपापल्या पात्राच्या तोंडून उत्तर देतात. बेत फसला की जमला हे फासे ठरवतात. त्यातला एक फासा वीस बाजूंचा असतो. बस्स, एवढाच खेळ. गोष्ट ऐकता ऐकता गोष्टीत शिरायचं. लहानपणी अंगणात आपण चोर-शिपाई खेळायचो आणि "मी मेलोच नाही" म्हणून भांडायचो. ते भांडण सोडवायला यात फासे आहेत, असं समजा.

एक गंमत सांगण्यासारखी आहे. त्या पहिल्या पेटीत पात्रांचे वर्ग तीनच होते: योद्धा, जादूगार आणि धर्मोपदेशक. धर्मोपदेशकाचं काम जखमा बऱ्या करणं आणि श्रद्धेच्या बळावर भुताखेतांना पळवणं. माझा भाचा घेऊन बसला होता ते हेच पात्र. ज्याला घरी फजरच्या नमाजाला तीनदा हाक मारावी लागते, तो पुण्यात रविवारी धर्मगुरू झाला होता!

आता अमेरिकेची हकिगत. १९७९ च्या ऑगस्ट महिन्यात मिशिगन स्टेट विद्यापीठातून सोळा वर्षांचा एक मुलगा नाहीसा झाला. अतिशय हुशार, वयाच्या मानानं फार लवकर विद्यापीठात पोचलेला. घरच्यांनी विल्यम डियर नावाचा खाजगी डिटेक्टिव्ह नेमला. हा मुलगा डंजन्स अँड ड्रॅगन्स खेळतो, असं त्याला कळलं. विद्यापीठाच्या खाली वाफेच्या नळांची भुयारं होती. त्यानं तर्क केला की मुलगा खेळाच्या नादात त्या भुयारांत शिरला आणि हरवला. वर्तमानपत्रांना आणखी काय हवं? भुयार, राक्षस आणि गायब झालेलं पोर. ज्यांनी तोवर खेळाचं नाव ऐकलं नव्हतं, त्यांनीही ते ऐकलं.

मुलगा महिन्याभरानं लुइझियाना राज्यात सापडला. पण तोवर गोष्ट मुलाच्या हातातून निसटून गेली होती. १९८० साली युटा राज्यातल्या हेबर सिटी या गावी शाळेनं मुलांसाठी या खेळाचा उपक्रम ठेवला होता. काही पालक आणि धर्मोपदेशक यांनी त्याला सैतानी ठरवलं आणि तो बंद पडला. १९८१ मध्ये रोना जॅफ यांची 'मेझेस अँड मॉन्स्टर्स' ही कादंबरी आली. असाच खेळ खेळता खेळता भान हरपलेल्या तरुणाची ही गोष्ट. पुढच्याच वर्षी तिच्यावर दूरचित्रवाणीसाठी चित्रपट निघाला. त्यात तो तरुण झाला होता टॉम हँक्स, तेव्हा अगदीच नवखा.

आणि १९८२ च्या जून महिन्यात व्हर्जिनिया राज्यात पॅट्रिशिया पुलिंग नावाच्या बाईंच्या मुलानं आत्महत्या केली. तो शाळेत हा खेळ खेळत असे. खेळात त्याच्या पात्राला शाप देण्यात आला होता आणि त्या शापानंच मुलगा गेला, अशी आईची खात्री झाली. त्यांनी मुख्याध्यापकांवर दावा केला, तो फेटाळला गेला. मग १९८३ मध्ये त्यांनी या खेळाविरुद्ध संघटना काढली. गावोगाव व्याख्यानं दिली, पत्रकं वाटली, पोलिसांना माहिती पुरवली. १९८५ मध्ये अमेरिकेतल्या 'सिक्स्टी मिनिट्स' या गाजलेल्या कार्यक्रमात एकीकडे त्या होत्या आणि दुसरीकडे खेळाचे जनक गायगॅक्स.

मधल्या काळात, १९८४ साली, जॅक चिक या प्रचारकाची 'डार्क डंजन्स' ही खिशात मावेल एवढी चित्रपुस्तिका निघाली होती. तिच्यात एक मुलगी हा खेळ खेळते. तिची मैत्रीण खेळातलं पात्र मेलं म्हणून जीव देते. खेळाची सूत्रधार बाई खरीखुरी चेटकीण निघते. शेवटी ती मुलगी येशूला शरण जाते आणि खेळाचं सगळं सामान जाळून टाकते.

या मंडळींचे आक्षेप नेमके काय होते, ते नीट मांडायला हवं. हसण्यावारी नेऊन चालणार नाही. पहिला आक्षेप जादूचा. बायबलच्या जुन्या करारात, अनुवाद नावाच्या पुस्तकाच्या अठराव्या अध्यायात, जादूटोणा, शकुन बघणं आणि मृतांना विचारणं यांना सक्त मनाई आहे. खेळात मुलं मंत्र म्हणण्याचं नाटक करतात, म्हणून ते निषिद्ध. दुसरा आक्षेप अनेक देवांचा. १९८० साली या खेळाचं एक पुस्तक निघालं, त्यात जगभरच्या पुराणांतले देव आकड्यांसकट मांडले होते. ग्रीकांचा झ्यूस होता, तसेच आपल्याकडचे इंद्र, अग्नी, वरुण आणि यमही होते. एकच ईश्वर मानणाऱ्या घरातल्या आईला हे खटकणारच. तिसरा आक्षेप चित्रांचा, शिंगं असलेल्या सैतानांचा. आणि चौथा सगळ्यांत वजनदार: सोंग घेता घेता मुलगा सोंगातच अडकेल, खरं काय आणि खोटं काय हे विसरेल.

हे सगळं ख्रिस्ती लोकांचंच, असं आपण मुसलमानांनी म्हणू नये. २००१ साली सौदी अरबस्तानातल्या धर्मपंडितांनी पोकेमॉनवर बंदीचा फतवा काढला होता, त्यात एक मुद्दा जुगाराचा होता. फाशांविषयी तर हदीसमध्ये कडक इशारा आहे. तो जुगारापुरता की एकूणच फाशांना लागू, यावर आलिम मंडळी जुन्या काळापासून बोलत आली आहेत. तेव्हा माझी बहीण विचारत होती तो प्रश्न वेडगळ नव्हता. प्रश्न विचारणारी आई वेडी नसते.

पण त्या मिशिगनच्या मुलाचं पुढे काय झालं? सापडल्यावर वर्षभरात, १९८० च्या ऑगस्टमध्ये, त्यानं स्वतःचं आयुष्य संपवलं. डिटेक्टिव्ह डियर यांनी खरी हकिगत जाहीर केली ती १९८४ साली, पुस्तक लिहून. मुलगा भुयारात उतरला होता, पण खेळायला नव्हे. तो खूप दिवसांपासून खचलेला होता. अभ्यासाचं आणि अपेक्षांचं ओझं होतं, एकटेपणा होता, स्वतःविषयीच्या काही गोष्टी कोणापाशी बोलण्याची सोय नव्हती. जीव नकोसा झाला म्हणून तो तिथं गेला होता.

श्रोतेहो, हे वाचलं तेव्हा मी पुस्तक मिटून बसलो. सगळा देश भुयारात राक्षस शोधत होता. आणि त्या राक्षसाच्या गोष्टीत मुलगा कोणाला दिसलाच नाही. गोष्ट इतकी रंगली की त्यानंतर पाच वर्षं लोक तिच्यावरच भांडत राहिले. त्याला काय दुखत होतं, हा प्रश्न मागे राहिला.

पुलिंगबाईंना मी दोष देत नाही. ज्या आईचं मूल गेलं, तिला कारण हवं असतं. कारण नसलेलं दुःख सोसत नाही. १९९७ साली त्या वारल्या. पण त्यांनी सांगितलेलं कारण तपासात टिकलं नाही. मायकेल स्टॅकपोल या लेखकानं १९९० मध्ये त्यांचे दावे एकेक करून तपासले. लाखो मुलं खेळत होती आणि त्यांच्यात आत्महत्येचं प्रमाण इतर तरुणांपेक्षा जास्त नव्हतं. खेळामुळे कोणी जीव दिला, असं सिद्ध करणारा पुरावा संशोधकांनाही मिळाला नाही.

खेळ काढणारी कंपनी मात्र घाबरली. १९८९ च्या दुसऱ्या आवृत्तीतून तिनं सैतान आणि पिशाच्च हे शब्दच काढून टाकले. पुढे तेच प्राणी बनावट नावांनी परत आले. २००० सालच्या तिसऱ्या आवृत्तीत जुनी नावंही परतली, तेव्हा कोणी फारसं ओरडलं नाही. २०२२ साली 'स्ट्रेंजर थिंग्ज' या मालिकेत त्या काळच्या घबराटीचीच कथा आली, तीही आपल्याकडच्या मुलांनी पाहिली. आणि २०२४ मध्ये खेळाला पन्नास वर्षं झाली, तेव्हा अमेरिकेच्या टपाल खात्यानं त्याची तिकिटं काढली. सैतानी म्हणून ज्याच्या पुस्तिका जाळा म्हणत, तो खेळ आता पाकिटावर चिकटून घरोघर गेला.

आणखी एक गोष्ट मला वाचताना गमतीची वाटली. या खेळातल्या कितीतरी प्राण्यांचं माहेर म्हणजे टोल्किन यांची पुस्तकं. सुरुवातीच्या पुस्तिकांत त्यांचा 'हॉबिट' हा शब्द जसाच्या तसा होता, तक्रार आल्यावर तो बदलावा लागला. हे टोल्किन निष्ठावंत कॅथलिक. त्यांचं म्हणणं असं की ईश्वर निर्माता आहे आणि माणूस त्याच्या प्रतिमेचा, म्हणून माणसानं आपल्या मनातून लहानसं जग निर्माण करणं ही बंडखोरी नाही. त्याच १९८४ साली अमेरिकेत 'ड्रॅगनरेड' नावाचा खेळही निघाला. सोंग घ्यायचं, पण ख्रिस्ताच्या अनुयायाचं, आणि खेळता खेळता बायबलची वचनं पाठ करायची. म्हणजे सोंगाला सगळ्याच धर्मनिष्ठांचा विरोध नव्हता. वाद होता तो सोंग कोणाचं घ्यायचं याचा.

जोसेफ लेकॉक हे अमेरिकेतले धर्माचे अभ्यासक. त्यांनी २०१५ मध्ये या सगळ्या वादावर पुस्तक लिहिलं. ते म्हणतात, विरोधक स्वतःच एक मोठा खेळ खेळत होते. सैतानाची गुप्त सेना चहूकडे पसरली आहे आणि आपण तिच्याशी लढणारे वीर आहोत, अशी ती कल्पना. फरक एवढाच की मुलांना आपण खेळतोय हे माहीत होतं.

या खेळाच्या पुस्तकांची पानं चाळताना मला माझी ओळखीची मंडळी भेटली. १९७७ च्या प्राण्यांच्या पुस्तकात आपला राक्षस आहे. त्याला वाघाचं डोकं आणि हातात चिलमीसारखा पाइप! आमच्याकडचे जिन आहेत. १९७९ च्या सूत्रधाराच्या पुस्तकाच्या मुखपृष्ठावर भला थोरला लाल इफ्रीत आहे. हा इफ्रीत कुराणातही येतो, सत्ताविसाव्या सूरेत. हजरत सुलेमान विचारतात की शेबाच्या राणीचं सिंहासन कोण आणून देईल, तेव्हा जिनांतला एक इफ्रीत सांगतो की तुम्ही जागेवरून उठायच्या आत आणतो. मला वाटलं, आपल्या आजीच्या गोष्टीतला माणूस परदेशात नोकरीला लागलाय आणि तिथल्या कपड्यांत भेटलाय. थोडं चुकल्यासारखं झालं, थोडं हसू आलं. राग आला नाही.

राग न येण्याला माझं स्वतःचं एक कारण आहे. मी अठरा-एकोणीस वर्षांचा असताना माझी पहिली कविता छापून आली. मराठीत. कवितेत मी एका विधवा विणकर बाईच्या तोंडून बोललो होतो. मोहल्ल्यातल्या एका बुजुर्गांनी मला मशिदीबाहेर थांबवलं. विचारलं, "तू बाई आहेस? तू विधवा आहेस? मग हे खोटं कशाला लिहितोस?" आणि त्यांनी मला सूरा शुअराची आठवण दिली. कुराणाची सव्विसावी सूरा, नावच 'कवी'. तिच्या शेवटी कवींबद्दल कठोर शब्द आहेत. ते रानोमाळ भटकतात, जे करत नाहीत ते बोलतात, आणि भरकटलेले लोक त्यांच्या मागे जातात, असा त्या आयतींचा आशय.

मी घरी येऊन तीन दिवस काही लिहिलं नाही. अब्बांनी ते ओळखलं. त्यांचं शिक्षण चौथीपर्यंतचं, पण कुराण तरजुम्यासकट वाचायचे. त्यांनी पुस्तक उघडून तीच सूरा माझ्यापुढे ठेवली आणि म्हणाले, "शेवटपर्यंत वाच. लोक शेवटच्या आयतीच्या आधीच थांबतात." शेवटच्या आयतीत अपवाद आहे. जे ईमान राखतात, भलं करतात, अल्लाहची आठवण ठेवतात आणि जुलूम झाल्यावर उभे राहतात, त्यांना ते कठोर शब्द लागू नाहीत. त्या दिवशी अब्बांनी वही काढून घेतली असती, तर आज मी आपल्यासमोर नसतो. आणि त्याहून वाईट म्हणजे मी चोरून लिहिलं असतं.

जे करत नाही ते बोलणं. श्रोतेहो, दुसऱ्याच्या भूमिकेत शिरणाऱ्या प्रत्येकावर हाच आरोप आहे. कवीवर, नटावर आणि पुण्यातल्या खोलीत फासे टाकणाऱ्या माझ्या भाच्यावरही. आपल्या मराठीत तर सोंगाची किती मोठी परंपरा आहे. पैठणचे एकनाथ महाराज भारुडात वासुदेव झाले, जोशी झाले, गोंधळी झाले, मुका आणि बहिरा झाले. हिंदू आणि तुर्क यांचा संवाद लिहिला, तेव्हा दोघांच्याही तोंडून बोलले. कोणी म्हणालं का, की महाराज, आपण मुके नाही, मग हे खोटं कशाला? आमच्या गावी मोहरमात नवसाची पोरं अंगावर पट्टे रंगवून वाघ व्हायची. मीही एकदा झालो होतो. त्यालाही काही मौलवींचा विरोध असे, आजही आहे, आणि त्यांची बाजू त्यांच्यापाशी आहे. पण मी वाघ झालो त्या रात्री माझी दादी मला जेवू घालताना म्हणाली होती, "वाघ असलास तरी हात धुऊन बस." सोंगाला कसं वागवावं, हे मला तिथं कळलं.

आणि मग मला ती हदीस आठवली, जी अबू दाऊद यांच्या संग्रहात आहे. हजरत आयेशा लहान वयात बाहुल्यांशी खेळत. एकदा वाऱ्यानं पडदा सरकला आणि पैगंबरसाहेबांना त्यांच्या बाहुल्या दिसल्या. मधे एक घोडा होता, त्याला चिंध्यांचे दोन पंख. पैगंबरसाहेबांनी विचारलं की हे काय आहे. त्या म्हणाल्या, घोडा. घोड्याला पंख असतात का, असं त्यांनी विचारलं. त्यावर आयेशाबीबींनी उलट विचारलं की सुलेमानच्या घोड्यांना पंख होते, हे आपण ऐकलं नाही का? आणि पैगंबरसाहेब हसले. दाढा दिसतील इतके हसले, असं हदीसमध्ये आहे.

मी या एका हदीसवरून फतवा काढत नाही. तो माझा अधिकार नाही. मी फक्त क्रम बघतो. आधी पडदा सरकला. मग त्यांनी पाहिलं. मग विचारलं, हे काय आहे. उत्तर पूर्ण ऐकलं. आणि मग हसले.

पंधरा दिवस झाल्यावर मी पुण्याची एस. टी. धरली. भाच्याला म्हटलं, "मला तुमचा खेळ बघायचाय." तो आधी बावरला. "मामू, तुम्हाला कंटाळा येईल." मी म्हटलं, बघू. रविवारी मी भिंतीला टेकून चार तास बसलो. पैसे लावत नाहीत ना, हे आधी विचारून घेतलं. कोणी एक पैसाही लावत नव्हतं. मुलांत सगळ्या जातिधर्मांची पोरं होती. त्यांच्या गोष्टीत एक गाव होतं, तिथल्या विहिरीला विष लागलं होतं. योद्धा म्हणत होता, चला, राक्षस मारू. भाच्याचा धर्मोपदेशक म्हणाला, आधी आजारी लोकांना बघू, राक्षस पळून जात नाही. त्यावर त्यांनी चक्क अर्धा तास वाद घातला. असा वाद मी कितीतरी परिसंवादांत ऐकला नाही.

एक मुलगा फार कमी बोलत होता. बाकीचे त्याची पाळी आली की थांबायचे, घाई करायचे नाहीत. नंतर भाचा म्हणाला, "तो कॉलेजात कोणाशीच बोलत नाही, मामू. इथं बोलतो."

खेळ संपल्यावर आम्ही दोघं चहाच्या टपरीवर गेलो. मी त्याच्या पात्राबद्दल विचारत होतो. त्याचं नाव काय, तो कुठला, तो लोकांना बरं का करतो. भाचा भरभरून बोलत होता. बोलता बोलता थांबला आणि म्हणाला, "मामू, माझे दोन विषय राहिलेत. मागच्या सेमिस्टरचे. घरी सांगितलं नाही." मग बराच वेळ काही बोलला नाही. मीही बोललो नाही. मग म्हणाला, "मधे दोन महिने फार वाईट गेले. ही पोरं नसती तर काय केलं असतं, माहीत नाही."

मला एकदम मिशिगनची ती भुयारं आठवली. आम्ही सगळे फाशांकडे बघत होतो. बहीण फाशांकडे, दर्समधल्या बायका फाशांकडे, मी पुस्तकांकडे. मुलगा फाशांच्या मागे बसला होता. बहिणीनं त्या दिवशी खेळ बंद करायला लावला असता, तर त्याचं एकमेव उघडं दार बंद झालं असतं, आणि आम्हाला वाटलं असतं की आपण त्याला वाचवलं.

मी बहिणीला फोन केला. सांगितलं, "हराम-हलाल मौलानांना विचार, आणि विचारताना फासे टाकतात पण पैसे लावत नाहीत, हेही सांग. माझं म्हणशील तर मी जे पाहिलं त्यात मला जादू दिसली नाही. पोरं एकमेकांना सांभाळतात, ते दिसलं. वेळाचं बंधन घाल, अभ्यासाचं विचार. पण आधी त्याच्याशी बोल. त्याला तुला काही सांगायचंय."

"काय सांगायचंय?"

"ते तोच सांगेल. तू फक्त त्याच्या त्या माणसाबद्दल विचार. जो लोकांना बरं करतो."

त्या रात्री तिनं मुलाला फोन लावला. तिला धर्मोपदेशक वगैरे शब्द काही लक्षात राहिला नव्हता. तिनं विचारलं, "काय रे, तुझा तो हकीम बरा आहे का?" माय-लेक पाऊण तास बोलले. काय बोलले ते मी विचारलं नाही. एवढं कळलं की राहिलेल्या विषयांची फी तिनं दुसऱ्या दिवशी पाठवली, आणि मुलगा ईदला घरी आला तेव्हा फाशांची पिशवी लपवून न आणता टेबलावर ठेवली. माझ्या बहिणीनं तो वीस बाजूंचा फासा हातात घेऊन फिरवून पाहिला आणि म्हणाली, "दिसतो तर छान."

श्रोतेहो, आपल्या घरातही कुठला ना कुठला पडदा असेल. कधी वाऱ्यानं सरकला आणि आत पंखांचा घोडा दिसला, तर रागावण्याआधी एवढंच विचारा, हे काय आहे? आणि उत्तर संपेपर्यंत थांबा.